‘गोल्डन सन’चा चौथा डाव मांडाच!

260 अक्षरं. इंग्रजीतली मोठी आणि छोटी, मधूनच आकडे, मधूनच अधिक, बरोबर आणि उद्गारचिन्हं. वाचायला गेलं तर अर्थ शून्य. ग्वाल्हेरच्या सिटी सेंटरमधल्या एखाद्या सायबर कॅफेत, प्लायवूडच्या आडोशाआड बसून, तासाचे पैसे संपायच्या आत ही अक्षरं वहीच्या मागच्या पानावर उतरवून घेणारी मुलं आज पस्तिशी-चाळिशीत आहेत. कुणी इथंच हायकोर्टात काळा कोट घालून फिरतो, कुणी हिंजवडीत आहे, कुणी न्यू जर्सीत. त्यांच्यापुढे ‘गोल्डन सन’ एवढं नाव काढा आणि चेहरा बघा.

हा मजकूर आधी त्यांच्यासाठी आहे आणि मग ज्यांना यातलं ओ की ठो माहीत नाही अशा सगळ्यांसाठी. मागणी एकच. 2010 साली अर्ध्यावर सोडलेली ही मालिका पुन्हा सुरू व्हावी, चौथा भाग निघावा आणि त्यात मूळची लढाईची पद्धत तिच्या सगळ्या काट्यांसकट परत यावी. यासाठी आपण काय करायचं, तेही पुढे सांगतो.

‘गोल्डन सन’ हा भूमिका घेऊन खेळायचा व्हिडिओ गेम. कथेतली पात्रं तुमच्या हाती. त्यांना घेऊन गावोगाव फिरायचं, माणसांशी बोलायचं, कोडी सोडवायची, लढायचं. जपानच्या कॅमेलॉट या स्टुडिओने तो घडवला. हिरोयुकी आणि शुगो ताकाहाशी हे दोन भाऊ त्यामागची मुख्य माणसं. निन्टेन्डोने तो गेम बॉय ॲडव्हान्स या हातातल्या यंत्रासाठी 1 ऑगस्ट 2001 ला जपानात काढला. दुसरा भाग ‘द लॉस्ट एज’ जून 2002 मध्ये आला, तिसरा ‘डार्क डॉन’ ऑक्टोबर 2010 मध्ये, निन्टेन्डो डीएसवर. संगीत मोतोई साकुराबाचं. ते इतकं अंगात भिनलेलं असतं की काही जण अजून भांडी घासताना गुणगुणतात.

वहीतल्या त्या 260 अक्षरांचं काम एवढंच की पहिल्या भागात तुम्ही जे कमावलं, ते दुसऱ्या भागात घेऊन जाता यावं. दोन यंत्रं तारेने जोडूनही हे करता येई. पण यंत्रच नसलेल्यांना, संगणकावर इम्युलेटर लावून खेळणाऱ्यांना, वही बरी पडायची. खेळाची ती प्रत अधिकृत नसायची हे लपवण्यात अर्थ नाही. अधिकृत घ्यायची म्हटली तर त्या काळी लष्कर, मुरार, थाटीपूर पालथं घातलं असतं तरी कुठल्या दुकानात मिळाली असती, हाही प्रश्न आहेच.

आता मुद्द्याची गोष्ट, म्हणजे लढाई.

या खेळात जिन असतात. छोटे, गुबगुबीत, कधी झाडाआड लपलेले, कधी भर वाटेत उभे. त्यांच्या चार जाती: पृथ्वी, पाणी, अग्नी, वारा. पहिल्या भागात प्रत्येक जातीचे 7, म्हणजे एकूण 28. दुसऱ्या भागात दोन्ही भागांतल्या वीरांच्या तुकड्या एकत्र आल्यावर 72. जिन सापडला की तो कुणा एका पात्राच्या अंगावर चढवायचा. चढवला की त्या पात्राची ताकद वाढते, चपळाई वाढते, जीव वाढतो. कुठल्या जातीचे किती जिन चढवले यावर त्या पात्राचा वर्ग ठरतो आणि वर्गावर त्याच्या विद्या ठरतात. इथपर्यंत सगळं सरळ, इतर दहा खेळांत असतं तसं.

गंमत पुढे आहे. समजा, चकमक रंगात आली आहे. पहिल्या भागाचा नायक आयझॅक याच्या अंगावर फ्लिंट, ग्रॅनाइट आणि क्वार्ट्झ हे पृथ्वीचे तीन जिन आहेत. फ्लिंट सोडला की शत्रूवर सणसणीत वार बसतो. पण सोडलेला फ्लिंट अंगावरून उतरतो आणि आयझॅक तेवढा दुबळा होतो. पुढच्या फेरीत ग्रॅनाइट सोडला, सगळ्या गड्यांभोवती मातीचा कोट उभा राहिला, पण आयझॅक आणखी दुबळा झाला. आता हे उतरलेले दोन जिन खर्चून रॅमसीस या महाशक्तीला बोलावता येतं. तिसराही उतरवा, सिबिली येईल. चौथा जवळ असेल तर जजमेंट, आणि मग 240 गुणिले 160 ठिपक्यांच्या त्या इवल्या पडद्यावर जे काही होतं ते बघायला कॅफेत शेजारच्या खोपटातली पोरंसुद्धा माना वर काढायची.

पण क्वार्ट्झ हा पडलेल्या गड्याला उठवणारा जिन. तो महाशक्तीसाठी खर्ची पडला आणि पुढच्याच फेरीत त्याची साथीदार मिया कोसळली तर? खर्चलेले जिन लगेच परत येत नाहीत. आधी विश्रांती, मग फेरीगणिक एकेक करून पुन्हा अंगावर. तोवर तुम्ही उघडे. शिवाय जिन उतरले म्हणजे वर्ग घसरतो, आणि वर्ग घसरला की ज्या विद्येच्या भरवशावर बसला होतात ती ऐन वेळी यादीतूनच गायब होते. मुदत ठेव मोडण्यासारखा प्रकार आहे हा: हातात रोकड येते, व्याज बुडतं, आणि मोडायची वेळ बरोबर होती की नाही ते महिनाअखेरीस कळतं.

आणखी एक बारीक काटा. दोन गड्यांनी एकाच शत्रूवर नेम धरला आणि पहिल्याच घावात तो मेला, तर दुसरा गडी आपोआप दुसऱ्या शत्रूकडे वळत नाही. तो बचाव घेऊन उभा राहतो, फेरी फुकट. नवख्यांना याचा राग येतो. मला विचाराल तर सगळ्या खेळाची शिस्त या एका नियमात आहे. कुणाचा घाव किती बसेल, कोण आधी धावेल, हे डोक्यात मांडल्याशिवाय बटण दाबायचं नाही.

‘द लॉस्ट एज’मध्ये डुलहान नावाचा एक शत्रू लपवून ठेवला आहे. मुख्य कथेसाठी त्याच्याशी लढायची गरजही नाही. सगळे 72 जिन गोळा केल्याशिवाय त्याच्या तळघराचं दारच उघडत नाही. आणि एवढे जिन जमवून तुम्ही रुबाबात त्याच्यासमोर उभे राहिलात की तो एका फटकाऱ्यात सगळे जिन तुमच्या अंगावरून उतरवून टाकतो. ज्या पद्धतीवर तुम्ही दोन भाग उभे राहिलात, तीच तुमच्यावर उलटवली जाते. लढाईची अशी रचना मी दुसऱ्या कुठल्या खेळात पाहिली नाही. बहुतेक खेळांत ताकद साठवायची आणि उधळायची. इथे उधळताना तुम्ही स्वतः उघडे पडता, म्हणून प्रत्येक वार हा निर्णय असतो.

पात्रांच्या विद्या लढाईबाहेरही चालतात. साचलेल्या पाण्यावर थंडीची विद्या वापरली की बर्फाचा खांब उभा राहतो, त्यावरून उडी मारून पलीकडे जायचं. तीच विद्या शत्रूवर वापरली तर तो गारठतो. आयझॅकचा साथीदार आयव्हन याला दुसऱ्याचं मन वाचता येतं. त्यामुळे गावातल्या प्रत्येक माणसाचे दोन संवाद लिहिलेले आहेत, एक तोंडावरचा आणि एक मनातला. एवढ्याशा यंत्रात हा खटाटोप कुणी केला असेल त्याला दंडवत.

मराठी घरात वाढलेल्याला यात आणखी एक मौज सापडते. खेळात चारही तत्त्वांना ग्रहांची नावं आहेत: शुक्र म्हणजे पृथ्वी, बुध म्हणजे पाणी, मंगळ म्हणजे अग्नी, गुरू म्हणजे वारा. आपल्या ज्योतिषात मंगळ अग्नीचाच, पण बुध पृथ्वीचा आणि शुक्र पाण्याचा. पत्रिका पाहणाऱ्या आजोबांना हे सांगितलं तर ते जपान्यांची चूक दुरुस्त करायला बसतील. दुसऱ्या भागाच्या नकाशात इंद्र नावाचा भूखंड आहे, त्यात मद्रा नावाचं गाव, आणि पलीकडे गोंडोवन. आमच्या मध्य प्रदेशातलं गोंडवन आधी भूगर्भशास्त्रात गेलं आणि तिथून फिरत फिरत जपानी खेळात पोचलं.

कथेबद्दल थोडक्यात. पहिल्या भागात तुम्ही ज्यांचा पाठलाग करता, ज्यांना अडवायला जिवाचं रान करता, त्यांच्यातल्याच फेलिक्सच्या बाजूने दुसरा भाग उघडतो. आणि हळूहळू कळतं की दीपस्तंभ पेटवायला निघालेली ही माणसं जग बुडवत नव्हती, वाचवत होती. शिवाजी सावंतांच्या ‘मृत्युंजय’ने 1967 साली कर्णाच्या बाजूने महाभारत वाचायला लावलं, त्या वाचकाला हे वळण समजावून सांगावं लागत नाही.

मग तिसरा भाग. ‘डार्क डॉन’ मला आवडतो, तरी त्याची बाजू घेणार नाही. तीस वर्षांनंतरची कथा, नायक जुन्या वीरांची मुलं, चित्रं देखणी. पण लढाई बोथट झाली. जिन भराभर मिळतात, शत्रू भराभर पडतात, जिन अंगावर ठेवावा की सोडावा हा प्रश्नच पडत नाही. त्यात काही ठिकाणी पुढे गेल्यावर मागे फिरता येत नाही, म्हणजे राहून गेलेला जिन कायमचा गेला. आणि शेवट? नायक घरी परततो आणि समोर शक्तीचा एक अक्राळविक्राळ भोवरा. संपलं. पुढच्या भागाचं एवढं उघड आश्वासन देऊन पडदा पडला, तो अजून वर गेलेला नाही. कॅमेलॉट त्यानंतर मारिओच्या टेनिस आणि गोल्फमध्ये रमली: 2018 मध्ये ‘मारिओ टेनिस एसेस’, 2021 मध्ये ‘मारिओ गोल्फ सुपर रश’. चांगले खेळ आहेत. पण ज्यांनी डुलहान घडवला त्यांनी आयुष्यभर चेंडूच टोलवत राहावं हे काही पटत नाही.

कुणी म्हणेल, जुने भाग आता मिळतात की, मग ओरड कशाला? मिळतात ते कसे, ते ऐका. पहिले दोन भाग निन्टेन्डोने 2014 मध्ये वी यू या यंत्रासाठी विकायला ठेवले होते. 27 मार्च 2023 ला ते ऑनलाइन दुकान बंद झालं आणि नव्याने विकत घ्यायचा तोही रस्ता मिटला. जानेवारी 2024 मध्ये स्विचच्या ऑनलाइन वर्गणीत, तीही वरची जादा वर्गणी भरणाऱ्यांसाठी, दोन्ही भाग आले. म्हणजे वर्गणी चालू तोवर खेळ तुमचा. आणि ‘डार्क डॉन’ आजही फक्त 2010 सालच्या डीएस काडतुसातच आहे, दुसरीकडे कुठेच नाही. अमेरिकेतल्या व्हिडिओ गेम हिस्टरी फाउंडेशनने 2023 मध्ये पाहणी केली, तेव्हा तिथे 2010 पूर्वी निघालेल्या खेळांपैकी 87 टक्के खेळ बाजारात उपलब्धच नाहीत असं दिसलं. दादासाहेब फाळक्यांच्या ‘राजा हरिश्चंद्र’ची सगळी रिळं आज आपल्याकडे नाहीत, पुण्याचं राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय उभं राहिलं 1964 साली, तोवर मूकपटांचा पुष्कळ ऐवज हातचा गेला होता. खेळांच्या बाबतीत आपण अजून त्या 1964 च्या अलीकडेच आहोत.

तरी माझं दुखणं नुसत्या प्रतींचं नाही. प्रत जपली म्हणजे पद्धत जपली असं होत नाही, हे ग्वाल्हेरच्या माणसाला तरी सांगायला नको. ग्वाल्हेरची ख्यालगायकी बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांनी इथल्या परंपरेतल्या वासुदेवबुवा जोशींकडून घेतली, महाराष्ट्रात नेली, आणि त्यांच्या शिष्यांत विष्णू दिगंबर पलुस्कर निघाले. भातखंड्यांनी बंदिशी कागदावर उतरवल्या ते तर केलंच, पण 1918 मध्ये इथे माधव संगीत महाविद्यालयही सुरू केलं. कारण कागदावरची बंदिश कुणीतरी गायला लागते. जिनांच्या लढाईचंही तसंच. ती 2001 आणि 2002 च्या दोन खेळांत बंद राहिली तर अभ्यासकांपुरती उरेल. नव्या खेळात, नव्या शत्रूंसमोर, नव्या पोरांच्या हातात ती आली पाहिजे.

आता नेहमीची शंका: पाळीपाळीने लढायचे खेळ आता कोण खेळतो? जरा बाजाराकडे बघा. 2023 साली द गेम ॲवॉर्ड्समध्ये वर्षातला सर्वोत्तम खेळ ठरला ‘बाल्डर्स गेट 3’, तो पाळीपाळीने लढायचाच. 2025 मध्ये फ्रान्सच्या एका लहान स्टुडिओने काढलेला ‘क्लेअर ऑब्स्क्यूर’ जगभर गाजला, त्याचीही लढाई पाळीचीच. निन्टेन्डोने स्वतः 2023 मध्ये ‘सुपर मारिओ आरपीजी’ आणि 2024 मध्ये ‘पेपर मारिओ : द थाउजंड-यिअर डोअर’ नव्याने घडवून विकले. गिऱ्हाईक आहे. कंपनीला ते माहीतही आहे. फक्त ‘गोल्डन सन’चं गिऱ्हाईक आहे हे तिला कुणीतरी ठणकावून सांगायला हवं.

सांगितल्याने काय होतं? 2011 साली ‘ऑपरेशन रेनफॉल’ नावाची चाहत्यांची मोहीम निघाली. तीन जपानी खेळ अमेरिकेत आणायला निन्टेन्डोची अमेरिकी शाखा राजी नव्हती. लोकांनी पत्रं लिहिली, आगाऊ मागण्या नोंदवल्या, गप्प बसले नाहीत. त्यातला ‘झेनोब्लेड क्रॉनिकल्स’ एप्रिल 2012 मध्ये अमेरिकेत आला, उरलेले दोन्ही पाठोपाठ आले, आणि ‘झेनोब्लेड’ ही आज निन्टेन्डोची मातब्बर मालिका आहे. आपला आयझॅक मात्र निन्टेन्डोच्या ‘स्मॅश ब्रदर्स’ या झुंजीच्या खेळात बिनीचा खेळाडू म्हणून कधीच आला नाही. 2008 मध्ये क्षणभर मदतीला धावून येणारा पाहुणा, पुढच्या आवृत्तीतून गायब, 2018 मध्ये पुन्हा पाहुणा. एवढ्यावर आपण टाळ्या वाजवल्या, तिथेच चुकलं.

1 ऑगस्ट 2026 ला मालिकेला 25 वर्षं होतात. हे निमित्त वाया घालवू नका.

ज्यांच्या घरी स्विच आहे आणि वर्गणी भरलेली आहे, त्यांनी दोन्ही भाग काढून पुन्हा खेळावेत, शेवटपर्यंत. कोण काय खेळतं ते कंपनी बघते. मुलांना शेजारी बसवा. निदान जजमेंट येतो तेव्हा तरी बोलवा. माळ्यावर, कपाटात ‘डार्क डॉन’चं काडतूस पडलं असेल तर दिवाळीच्या साफसफाईत भंगारात घालू नका. विकायचंच असेल तर खेळणाऱ्याला विका.

दुसरं, निन्टेन्डोला पत्र लिहा. इंग्रजीत लिहा, पण स्वतःच्या शब्दांत. एकाच मजकुराची हजार पत्रं गेली तर ती एक पत्र म्हणून वाचली जातात. तिसरा भाग आजच्या यंत्रावर आणा, चौथा काढा, आणि चौथ्यात जिन सोडण्याची किंमत परत आणा, एवढं त्यात असू द्या. तुम्ही ग्वाल्हेरचे, सोलापूरचे, बेळगावचे आहात हे आवर्जून लिहा. या खेळाचा चाहता भारतातही आहे हे निन्टेन्डोच्या क्योटोतल्या मुख्यालयाला कळू दे. आणि कृपा करून त्या ताकाहाशी बंधूंना समाजमाध्यमांवर शिव्या घालू नका. घरच्या म्हाताऱ्याने गोष्ट अर्धी सोडली तर आपण ‘पुढे काय झालं’ म्हणून मागे लागतो, अंगावर जात नाही.

तिसरी गोष्ट मला सगळ्यांत जवळची, आणि ती सिटी सेंटरमध्ये खोल्या घेऊन राहणाऱ्या पोरांसाठी आहे. इथे अटलबिहारी वाजपेयी यांच्या नावाची ट्रिपल आयटी आहे, माधव इन्स्टिट्यूट आहे. पुणे, नागपूर, इंदूरला तर विचारायलाच नको. दर वर्षी शेवटच्या सत्राच्या प्रकल्पात हजेरीपट आणि ग्रंथालयाची नोंदवही करून तुम्ही कंटाळला नाहीत का? जिनांच्या लढाईचा सांगाडा उभा करा. खेळाच्या नियमांवर सर्वसाधारणपणे कॉपीराइट बसत नाही. नावं, चित्रं, संगीत, संवाद यांवर बसतो. पेटंटची गोष्ट वेगळी, ती एकदा जाणत्याला विचारून घ्या. बाकी, अंगावरची ताकद उतरवून वार करायचा हा विचार घ्या आणि आपली कथा सांगा. चंबळच्या बेहडातली सांगा, किल्ल्यावरच्या तलावांची सांगा. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सने 2020 मध्ये ‘राजी’ काढला आणि तो निन्टेन्डोच्या स्विचवरच आधी आला. आपल्याकडून हे होत नाही असं म्हणायची सोय आता उरलेली नाही.

मराठीत या खेळांवर जवळजवळ काहीच लिहिलं गेलेलं नाही. तुमच्या घरात, तुमच्या मित्रांत जे बोलणं चालतं तेच लिहून काढा: डुलहान कसा पाडला, कोणते जिन कुणाला दिले, कुठे अडलात. दिवाळी अंकांना खाद्यपदार्थांवरचे लेख चालतात, यावरचे का चालू नयेत?

पत्र मात्र आधी लिहा. 1 ऑगस्टच्या आत क्योटोला पोचलं पाहिजे, म्हणून याच आठवड्यात बसा. आणि ती जुनी वही अजून असेल तर मागच्या पानाचा फोटो काढून पत्रासोबत जोडा. हातानं उतरवलेली 260 अक्षरं बघून मागणी किती जुनी आहे ते त्यांचं त्यांना कळेल.